आईची अंगणवाडी

मुलांनो, आई कामाला जाऊ लागली की घरातलं सगळ्यात छोटं माणूस गप्प होतं. माझ्या पहिलीच्या वर्गातलीच गोष्ट. एका चिमुरडीची आई अंगणवाडीत मदतनीस झाली, आणि हिचा डबाच उघडेना! पोटात दुखतं म्हणे. जवळ घेतलं तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, तिथली मुलं आईला जास्त आवडली तर?"

अंगणवाड्या १९७५ पासून आहेत, पण हा प्रश्न कुठल्या पुस्तकात सापडायचा?

मी आईला निरोप दिला, "एकदा लेकीला सोबत न्या." शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती गेली. सोमवारी सांगते कशी, "बाई, तिथली मुलं केवढीशी आहेत! आईनं खिचडी वाढली, मी पाणी दिलं. आई दोनला निघते. मला घड्याळ शिकवा ना!"