‘नाही’ आणि ‘अजून नाही’

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एका लहान रुग्णालयात, पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली आणि काही क्षणांत परत आली. रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखवणारे खाटेशेजारचे यंत्र बॅटरी जुनी झाल्यामुळे विजेबरोबरच बंद पडले होते. ते पुन्हा सुरू झाले. परंतु त्याचा पडदा काळाच राहिला. ड्युटीवरच्या सिस्टरनी रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवली आणि दुसरे यंत्र येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. रुग्णाला काही झाले नाही, हे श्रेय त्यांचे. त्या पडद्याची आज्ञावली लिहिणारी मी मात्र त्या वेळी सांगलीत स्वस्थ झोपले होते.

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यावर मी तेथल्याच एका छोट्या कारखान्यात रुजू झाले. हे यंत्र आमचेच. असा काळा पडदा वर्षभरापूर्वीही एकदा दिसला होता. तेव्हा मी दोन गोष्टी केल्या होत्या. जोडणी करणाऱ्या तरुणाला, “तुझी वायर सैल असणार,” असे सर्वांदेखत सुनावले होते; आणि खबरदारी म्हणून आज्ञावलीत २०० मिलिसेकंदांची प्रतीक्षा घातली होती. त्यानंतर पडदा नीट लागू लागला. का लागू लागला, याचा विचार मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या रुग्णालयात गेले. सिस्टर म्हणाल्या, “ताई, आम्ही बटणाने बंद करून चालू केलं की कधी अडत नाही. अचानक लाईट गेली तरच कधीतरी असं होतं.” मी मोबाइलची विजेरी तिरकी धरून काळ्या काचेत पाहिले. आत अंधूक रेषा सरकत होती. ठोके मोजले जात होते, चित्रही उमटत होते. फक्त त्यामागचा दिवा लागलेला नव्हता. म्हणजे वायरीचा दोष नव्हता, हे त्याच क्षणी कळून चुकले.

वाचकांसाठी थोडे उलगडून सांगते. अशा पडद्यात चित्र उमटवणारी काच असते आणि तिच्या मागे प्रकाश देणारा दिवा. दोहोंना चालवणाऱ्या आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, वेगवेगळे असतात. यंत्र सुरू होताच दोन्ही एकाच वेळी कामाला लागतात. काचेचा ड्रायव्हर दिव्याचा शोध घेतो. दिवा आधी सिद्ध झालेला असेल तर सारे सुरळीत होते. तो क्षणभर मागे राहिला, तर माझी आज्ञावली ‘या यंत्राला दिवाच नाही’ असे गृहीत धरून पुढे जात असे आणि पुन्हा वळून पाहत नसे. कोण आधी पोहोचेल यावर निकाल अवलंबून असलेल्या या दोषाला आमच्या व्यवसायात ‘रेस कंडिशन’ म्हणतात. माझ्या २०० मिलिसेकंदांनी ती शर्यत संपली नव्हती. दिव्याला थोडी सवलत मिळाली होती, एवढेच.

असा दोष शोधणे जिकिरीचे असते, कारण पाहू जावे तर तो लपतो. प्रत्येक पायरीवर संगणकाकडून एक ओळ लिहवून घ्यावी, ही आमची नेहमीची रीत. परंतु सिरियल तारेवरून नेहमीच्या वेगाने ऐंशी अक्षरांची एक ओळ पाठवायला सुमारे सात मिलिसेकंद लागतात. तेवढ्या विलंबाने शर्यतीचा निकालच बदलतो आणि दोष नाहीसा होतो. म्हणून नोंदी बाहेर न पाठवता मी त्या यंत्राच्या स्मृतीतच साठवल्या. वीज अचानक तोडून पुन्हा जोडणारा रिले बसवला, पडद्यावर प्रकाश ओळखणारा छोटा संवेदक चिकटवला आणि रात्रंदिवस ते चक्र चालू ठेवले. हजार वेळांत नऊ वेळा पडदा काळा राहिला. त्यातल्या एका नोंदीत दिवा २१२ मिलिसेकंदांनी आला होता. बारा मिलिसेकंदांचा उशीर! वीज अचानक गेली की साठवणीतील अर्धवट राहिलेल्या नोंदी सुरू होताना सावराव्या लागतात. त्या गर्दीत दिव्याचा ड्रायव्हर मागे पडत होता. सिस्टरचे निरीक्षण अचूक होते.

१० एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ या अवकाशयानाचे पहिले उड्डाण सुटण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी थांबवावे लागले होते. यानातील चार मुख्य संगणकांशी पाचव्या, राखीव संगणकाचा मेळ बसेना. सुरू होतानाच्या वेळेत हा दोष दडला होता आणि तो उद्भवण्याची शक्यता ६७ मध्ये एक इतकीच होती. पूर्वी कधीतरी एका विलंबात केलेला किरकोळ बदल त्यास कारणीभूत होता. यान १२ एप्रिलला उडाले. ही हकिकत वाचताना मला माझे २०० मिलिसेकंद आठवले.

उपाय ठाऊक असलेलाच होता. लिनक्सच्या गाभ्यात २०१२ पासून अशी सोय आहे की, ड्रायव्हरला हवी ती वस्तू मिळाली नाही तर त्याने ‘नाही’ म्हणून पुढे न जाता ‘अजून नाही’ असे कळवावे. गाभा त्याला प्रतीक्षायादीत ठेवतो आणि दुसरा एखादा ड्रायव्हर सिद्ध झाला की यादीतल्यांना पुन्हा संधी देतो. मी प्रतीक्षा काढून टाकली आणि हे उत्तर लिहिले. तीन हजार चक्रांत पडदा एकदाही काळा राहिला नाही. पण माझा भरवसा त्या आकड्यावर नव्हता. आता कोणीही आधी आले तरी चालत होते. शर्यतच उरली नव्हती.

साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकवणारे माझे अण्णा, उत्तर न आलेल्या मुलाला कधी ‘येत नाही’ म्हणत नसत. “बस, तुझ्याकडे पुन्हा येतो,” म्हणत आणि तास संपण्यापूर्वी खरोखरच येत. हे सारे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “त्या वायरवाल्या मुलाकडे पुन्हा गेलीस का?”

मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सर्वांसमोर सांगितले की चूक माझी होती, सैल वायर कधीच नव्हती. मालकांनाही सांगितले की विकलेले प्रत्येक यंत्र दुरुस्त करावे लागेल. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी यादी मागवली. कऱ्हाड, विटा, तासगाव, वाई असे गावोगाव हिंडण्यात आमचे दोन महिने गेले. जोडीला तोच तरुण होता. पहिल्या दिवशी एस.टी.त तो म्हणाला, “ताई, त्या वेळी मी सगळ्या वायरी दोनदा तपासल्या होत्या.” “मला तेव्हा विचारायला हवं होतं,” मी म्हणाले. शेवटचे यंत्र त्या सिस्टरच्या खाटेशेजारचे होते. आम्ही वीज तोडली, जोडली. पडदा उजळला. सिस्टरनी मान डोलावली आणि आणखी एकदा करून दाखवायला सांगितले.