नुसत्या वायरी

नववीला चेतासंस्थेचा पाठ मी किती वर्षं शिकवतोय, याचा हिशोब आता राहिला नाही. फळ्यावर चेतापेशी काढायची. पेशीकाया, वृक्षिका, लांबलचक अक्षतंतू. मग मेंदूचा काप काढायचा आणि सांगायचं, बाहेरचा करडा भाग विचार करतो, आतला पांढरा भाग म्हणजे नुसत्या वायरी. पोरांना लगेच कळतं. आमच्या भोकरच्या शिवारात विहिरीवरची मोटार जळली की घरात दोन दिवस दुसरा विषय नसतो, त्यामुळं वायर म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एकदा एका मुलीनं हात वर केला. तिचे वडील मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून देतात. ती म्हणाली, "सर, वायरीतून करंट गेला की वायर गरम होती. मंग मेंदूतल्या वायरीला काहीच होत नाही का? त्यांना रक्तबिक्त काही लागत नाही?"

"लागतं की, पण थोडं," असं म्हणून मी पुढच्या मुद्द्यावर गेलो. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं, आणि तास संपायला दहाच मिनिटं होती.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मायचं सुरू झालं. ती विसरत नव्हती. तिला सगळं आठवायचं, पण उशिरा. चुलीपुढं बसलेली असताना काही विचारलं तर ती भाकर उलटायची, शेकायची, टोपल्यात टाकायची, आणि मग उत्तर द्यायची. तोवर आम्ही विचारलेलं विसरून गेलेलो असायचो. चालही मंद झाली होती. शेवटी तिला नांदेडला नेऊन एमआरआय काढला. आत टकटक, घरघर असा आवाज असतो. बाहेर आल्यावर माय म्हणाली, "पिठाच्या गिरणीत नेऊन झोपवलं बापा मला."

रिपोर्टात व्हाइट मॅटर हे दोन शब्द तीन ठिकाणी होते. डॉक्टरांनी पडद्यावर पांढरे ठिपके दाखवले. म्हणाले, बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं बीपीनं खराब होतात, त्यांचा मार या आतल्या भागावर बसतो, वयानंही थोडं होतंच. बीपीची गोळी चुकवू नका. भोकर फाट्यावरून परत येताना बसमध्ये माय खिडकीला डोकं टेकवून झोपली होती आणि माझ्या डोक्यात ती मुलगी. म्हणजे रक्त लागत होतं. इतकं लागत होतं, की ते कमी पडलं तर माझ्या आईची भाकर उलटून होईपर्यंत उत्तर अडकून पडत होतं.

मग वाचायला बसलो. पहिलीच गोष्ट, हा पांढरा भाग काही थोडाथोडका नाही. माणसाच्या मोठ्या मेंदूत जवळपास निम्मी जागा त्याचीच. अक्षतंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं, म्हणून तो पांढरा दिसतो. या वेष्टणामुळं संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत पळू शकतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत तो मीटरभरच सरकतो. तरुण माणसाच्या मेंदूतले असे वेष्टणवाले तंतू एकापुढं एक जोडले तर लांबी दीड लाख किलोमीटरच्या आसपास भरते. पृथ्वीला साडेतीन-पावणेचार वेढे.

दुसरी गोष्ट समजायला मला जास्त दिवस लागले. मायचा काढला तो एमआरआय म्हणजे मेंदूच्या रचनेचा फोटो. त्याच यंत्रावर आणखी एका पद्धतीनं काम चालताना बघता येतं, तिला एफएमआरआय म्हणतात. रक्तानं प्राणवायू देऊन टाकला की त्याचे चुंबकीय गुण थोडे बदलतात. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानं १९९० मध्ये दाखवलं की एमआरआयला हा फरक दिसतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडं ताजं रक्त धावतं आणि पाच-सहा सेकंदांत तिथला संकेत वाढतो. म्हणून माणसाला यंत्रात झोपवायचं, बोटं हलव म्हणायचं आणि कुठला भाग उजळतो ते बघायचं. मधल्या विश्रांतीत येणारी हलकी चढउतार म्हणजे गोंगाट. ती काढून टाकायची.

भारतीय वंशाचे भरत बिस्वाल अमेरिकेत मिलवॉकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी होते. त्यांनी हाच गोंगाट नीट पाहिला. माणूस बोटं हलवत नाही, गप पडून आहे, तरी डाव्या बाजूचा हालचालीचा भाग आणि उजव्या बाजूचा हालचालीचा भाग एकमेकांच्या तालात वरखाली होतायत. अगदी संथ, एकेक लाट दहा सेकंदांची किंवा त्याहून लांब. हे १९९५ साली छापून आलं. पुष्कळांना पटलं नाही. श्वासाचा, हृदयाच्या ठोक्याचा परिणाम असेल म्हणाले. आज मात्र जगभर माणसांना यंत्रात काही काम न देता पाच-दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगतात आणि त्यातून मेंदूचा कुठला भाग कुणाशी जोडलेला आहे ते काढतात.

आता गंमत बघा. ज्यांनी विश्रांतीतला गोंगाट जपून ठेवायला शिकवलं, त्याच क्षेत्रानं पुढं पांढऱ्या भागाला गोंगाट ठरवलं. करड्या भागाचा अभ्यास करताना पांढऱ्या भागातल्या संकेताची सरासरी काढायची आणि ती सगळ्यातून वजा करायची, अशी रीतच पडली. तिथं श्वास आणि डोक्याची हालचाल याशिवाय काय असणार? निंदताना गवत समजून पीकही उपटलं, तसंच काहीसं.

त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, मी तर वर्षानुवर्षं फळ्यावर तेच लिहिलं. शिवाय कारण होतं. पांढऱ्या भागात रक्त करड्यापेक्षा बरंच कमी, त्यामुळं संकेत क्षीण. तो उशिरा येतो, कमी उंचीचा येतो. करड्या भागासाठी बनवलेलं माप लावलं तर हाती काहीच लागत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक... म्हणजे मोबाईल खाली ठेवला. आत माय भाकरी थापत होती.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात झाओहुआ डिंग, जॉन गोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा टाकाऊ संकेत तपासायला घेतला. २०१३ मध्ये त्यांनी मांडलं की विश्रांतीतली ही चढउतार तंतूंच्या दिशेनं जास्त जुळते. निव्वळ गोंगाट असता तर त्याला तंतूची दिशा कशाला माहीत असती? २०१८ मध्ये त्यांनी आणखी दाखवलं की एखादं काम दिलं की त्या कामाशी संबंधित तंतूंमधला मेळ वाढतो. मधल्या काळात, २०१७ साली, जेरुसलेमच्या मायकेल पीअर यांच्या गटाने १७६ जणांच्या विश्रांतीतल्या नोंदी तपासून पांढऱ्या भागातच १२ जाळी ओळखली, डावी-उजवीकडं सारखी.

वाद मिटलेला नाही. शेजारच्या करड्या भागाचा संकेत इकडं पाझरतो का, शिरांमधून वाहून येतो का, तंतूंना सांभाळणाऱ्या पेशींचा वाटा किती, यावर अजून भांडण आहे. आणि आशेनं वाचणाऱ्या माझ्यासारख्याला एक गोष्ट लवकर कळते: हे निष्कर्ष शेकडो लोकांच्या नोंदी एकत्र करून निघतात. एकट्या मायला परत त्या गिरणीत झोपवून तिच्या ठिपक्यांचं पुढं काय होईल, हे यातून आज कुणी सांगू शकत नाही. तिच्यासाठी बीपीची गोळी आहे, मीठ कमी आहे आणि संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यानं एक चक्कर आहे. आम्ही प्रश्न विचारून गप बसायला शिकलोय. धाकट्याला हे सगळ्यात अवघड जातं.

यंदा तो पाठ आला तेव्हा मी दहावीच्या वर्गातून त्या मुलीला बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर सांगितलं की हिनं मागच्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा टाळलं होतं. फळ्यावरच्या 'नुसत्या वायरी'तलं 'नुसत्या' पुसलं आणि मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. यंत्रात माणसाला काहीच न करता झोपवतात आणि तरी तारांचं कळतं, इथं ती हसली.

"सर, त्यात काय? आमचे पप्पा पण मोटार बंद ठेवूनच तार तपासतात. चालू मोटारीत कुठं कळतं?"

"पण मेंदू बंद कधीच नसतो," मी म्हणलं.

"मंग रिकामा म्हणा," ती म्हणाली.

तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं पाण्याच्या टाकीकडं पळाली.