जुन्या कॅमेऱ्याचा दुभाष्या

एखादी वस्तू निकामी झाली, असे घरात केव्हा म्हटले जाते? तांब्याला भोक पडले तर त्याला डाग देता येतो, खुर्चीचा पाय मोडला तर सुतार तो बसवून देतो, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली वस्तू मोडीत निघते. संगणकाच्या जोडीने घरात आलेल्या वस्तूंना मात्र आणखी एका प्रकारचे मरण असते. वस्तू धडधाकट असते, तिचा एकही भाग झिजलेला नसतो. परंतु तिची भाषा जाणणारे कोणी उरलेले नसते. अशा वस्तूंनी आज घरोघरचे खण भरलेले आहेत.

लातूरच्या एका घरातील खणात असाच एक कॅमेरा पडून होता. लिंबाएवढा गोल, भिंगाभोवती फिरवता येणारी कडी, पडद्याच्या माथ्यावर अडकवण्याचा चिमटा आणि सोबत तळहाताहूनही लहान अशी एक सीडी. २००७ च्या सुमारास घरातील मुलगा पुण्याला शिकायला गेला, तेव्हा त्याच्याशी बोलण्यासाठी तो घेतला होता. पुढे मोबाईल आले आणि कॅमेरा विस्मरणात गेला.

त्याची आठवण झाली ती पर्युषणाच्या तोंडावर. घरातील अक्कांचे वय ऐंशीच्या पुढे. कानांनी जवळजवळ साथ सोडलेली; समोरच्याचे ओठ आणि चेहरा पाहून त्या शब्द ओळखतात. नांदेडला राहणारे त्यांचे धाकटे बंधू वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी भाद्रपद शुद्ध पंचमीला लातुरास येत आणि अनंत चतुर्दशीपर्यंत राहत. दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांपैकी रोज एक अध्याय वाचण्याची आपल्याकडे परंपरा आहे. बंधू अक्कांसमोर बसून तो सावकाश वाचत, अर्थ सांगत, आणि अक्कांच्या कपाळावरची आठी पाहून थांबत. आठी म्हणजे ‘समजले नाही, पुन्हा सांग’ अशी खूण. या वर्षी पत्नीच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांना नांदेड सोडणे शक्य नव्हते. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने जाणारा रस्ता काही फार लांबचा नाही. पण आजाऱ्याला एकटे ठेवून दहा दिवस जाता येत नाही, आणि अक्कांना एसटीचे धक्के सोसत नाहीत.

मोबाईलवर करून पाहिले. तळहाताएवढ्या पडद्यावरचे ओठ अक्कांना वाचता येईनात. शिवाय घरातले दोन्ही मोबाईल सकाळीच बाहेर पडत. एक गंजगोलाईतील दुकानात, दुसरा नातीबरोबर महाविद्यालयात. घरात राहत असे तो हिशेबाचा संगणक. त्याचा पडदा एकोणीस इंची, त्यामुळे बंधूंचा चेहरा त्यावर खऱ्या चेहऱ्याएवढा दिसला असता. पण अक्कांची आठी नांदेडला कशी दिसणार? त्यासाठी लातूरच्या बाजूला कॅमेरा हवा.

“हजार रुपयांत नवा मिळतो, संध्याकाळी आणतो,” मुलगा म्हणाला. अक्कांनी हात जोडले. चातुर्मासात आपल्यासाठी घरात नवी वस्तू यायची नाही, असे परिग्रहपरिमाण त्यांनी आषाढातच घेतले होते. ज्या शहराने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी घागरीने मोजून वापरले, त्या शहरातील जुन्या माणसांना परिमाण शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. तेव्हा खण उघडला गेला.

कॅमेरा संगणकाला जोडला, लाल दिवा लागला, पण चित्र आले नाही. मुलाने नांदेडला फोन लावला. “मामा, कॅमेरा मेला की हो.”

“दिवा लागतो ना? मग मेला कसा? नुसता मुका झालाय.”

मामांचे निदान बरोबर होते. कॅमेऱ्यातील चिप प्रकाशाचे आकड्यांत रूपांतर करते आणि ते आकडे दाबून, लहान करून, तारेतून संगणकाकडे पाठवते. कोणता आकडा कशाचा, उजेड वाढवायचा असेल तर चिपला कोणती आज्ञा द्यायची, हे ज्याला ठाऊक असते तो प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. नाव चालकाचे असले तरी काम दुभाष्याचे. पूर्वी प्रत्येक चिपची बोली निराळी होती, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर त्याच्या दुभाष्याची सीडी येत असे. २००३ मध्ये यूएसबी कॅमेऱ्यांसाठी यूव्हीसी नावाची एक समान बोली ठरली आणि कालांतराने बहुतेक उत्पादकांनी ती उचलली. त्यामुळे आजचा कॅमेरा जोडताच चालू होतो. लातूरचा कॅमेरा जुन्या बोलीचा होता.

सीडी चालवून पाहणे ओघानेच आले. ती विंडोज एक्सपीच्या काळातली, आणि संगणकावर विंडोज १०, तेही ६४ बिटांचे. नातीने ‘जुन्या आवृत्तीप्रमाणे चालवा’ हा पर्याय निवडला. मांडणी पूर्ण झाल्याचा संदेशही आला, तरी चित्र नाहीच. अनेक घरांत येथेच फसगत होते. त्या पर्यायाने फक्त मांडणी करणारा प्रोग्राम फसतो. खुद्द ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसावा लागतो, आणि ६४ बिटांच्या गाभ्यात ३२ बिटांचा ड्रायव्हर कोणत्याही युक्तीने बसत नाही. शिवाय व्हिस्टापासून ६४ बिटांच्या विंडोजला ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरीही लागते. बँकेत जुन्या नमुन्याचा, सही नसलेला धनादेश काउंटरवर ठेवल्यासारखेच ते आहे. कितीही विनवण्या केल्या तरी तो वटत नाही.

नातीने मग इंटरनेटवर शोध घेतला. ‘सर्व कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर मोफत’ म्हणणारी पाने रांगेने उभी राहिली. एकाने संगणक तपासून सत्तावीस दोष असल्याचे जाहीर केले आणि ते दूर करण्यासाठी कार्डाचा क्रमांक मागितला. मामांनी फोनवरूनच तिला थांबवले. ज्या यंत्रात दुकानाचा वर्षाचा हिशेब आहे, त्याच्या गाभ्यात अनोळखी माणसाचा प्रोग्राम बसवणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटसरूच्या हाती देणे. ड्रायव्हर घ्यायचा तो उत्पादकाकडून किंवा विंडोजच्या स्वतःच्या अद्यतनातून. तेथे नसेल तर तो नाही, असेच समजावे. या कॅमेऱ्याचा तो तेथे नव्हता. खोक्यावर ज्या कंपनीचे नाव होते, त्या नावाने आता कोणी काही विकतही नव्हते.

पण खोक्यावरचे नाव हे नुसते अंगरख्यासारखे असते. त्या काळी डझनभर नावांनी विकल्या जाणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांच्या पोटात मोजक्याच चिपा असत. मामांनी नातीला डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावला. पिवळ्या त्रिकोणाने खूण केलेल्या उपकरणाच्या गुणधर्मांत ‘हार्डवेअर आयडीज’ नावाची ओळ असते. त्यात चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा त्या विशिष्ट वस्तूचा. नातीने वाचून दाखवले: ०एसी८ आणि ३०१बी. गोत्र सापडले. झेड-स्टार या चिनी उत्पादकाची ही चिप आणि तिचा दुभाष्या उपलब्ध होता, मात्र विंडोजच्या घरी नव्हे, लिनक्सच्या.

येथे थोडे थांबून एका दूरच्या माणसाची ओळख करून घेणे योग्य ठरेल. मिशेल ग्झार हे फ्रान्समधील गृहस्थ. व्यवसायाने डॉक्टर, प्रोग्राम लिहिणे हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हे. या शतकाच्या पहिल्या दशकात रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी लिनक्ससाठी कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर लिहायला घेतले आणि दोनशेहून अधिक प्रकारचे कॅमेरे बोलते केले. बहुतेक उत्पादकांनी चिपची माहिती दिलेली नसताना, तारेतून जाणारे आकडे न्याहाळून बोली शिकायची, असे ते काम. पुढे ज्यां-फ्रांस्वा मॉइन यांनी त्याची नव्याने मांडणी केली आणि २००८ मध्ये तो संच जीएसपीसीए या नावाने लिनक्सच्या गाभ्यात कायमचा दाखल झाला. या श्रमाचे मोल कोणी मागितले नाही. आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. औषध देण्याचा व्यवसाय असलेल्या त्या डॉक्टरांच्या हातून घडले ते ज्ञानदान, आणि त्याचा लाभार्थी लातुरात बसलेला असेल याची त्यांना कल्पनाही नसणार.

हिशेबाच्या संगणकावरून विंडोज काढण्याचा प्रश्नच नव्हता. लिनक्सची सोय अशी की ती पेनड्राइव्हवरूनही चालते. संगणकाच्या डिस्कला हात लावत नाही. नातीजवळ आठ जीबीचा पेनड्राइव्ह होताच. लिनक्स मिंटची प्रत मूळ संकेतस्थळावरून उतरवली, ती पेनड्राइव्हवर लिहिली, संगणक सुरू होताना एफ१२ ची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला. पाच मिनिटांत निराळाच पडदा समोर आला. कॅमेरा जोडला. ना सीडी, ना मांडणी, ना परवानगी. लाल दिवा लागला आणि अक्कांच्या खोलीतील भिंत, त्यावरची दिनदर्शिका, सारे धुक्यात दिसू लागले.

धुके होते ते भिंगाच्या कडीचे. जुन्या कॅमेऱ्यांत नजर आपोआप स्थिरावत नाही. कडी बोटाने फिरवून ती बसवावी लागते. ती बसवली. मग चित्रावरून काळे पट्टे सरकू लागले. नातीला वाटले, कॅमेरा आता खरोखरच गेला. वीज मंडळात हयात घालवलेल्या मामांना मात्र ते पट्टे जुन्या मित्रासारखे ओळखीचे होते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. त्यामुळे चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. कॅमेऱ्याची पापणी त्या तालाशी जुळली नाही तर पट्टे उमटतात. अमेरिकेत ताल ६० चा. कॅमेऱ्याची नियंत्रणे दाखवणारा एक छोटा प्रोग्राम नातीने घेतला, त्यात ५० ची निवड केली आणि पट्टे विरले.

चित्र फार देखणे होते असे नाही. ६४० बाय ४८० ठिपके, रंग थोडे फिके, आणि जुन्या यूएसबीची तार अरुंद असल्याने हालचाल जराशी अडखळती. अशा कॅमेऱ्यावरून ओठ वाचता आले नसते. पण ओठ वाचायचे होते ते लातूरच्या मोठ्या पडद्यावर, आणि ते चित्र मामांच्या नव्या मोबाईलमधून येणार होते. जुन्या कॅमेऱ्यावर जबाबदारी होती ती कपाळावरच्या एका आठीची, आणि तेवढे त्याला सहज पेलणारे होते. वस्तू जुनी की नवी, यापेक्षा तिच्याकडून काय हवे आहे हे आधी ठरवले, तर कितीतरी खरेदी टळेल.

पंचमीला सकाळी आठ वाजता पडद्यावर बंधूंचा चेहरा आला. “जय जिनेंद्र, अक्का.” अक्का काही क्षण नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “वाळलास रे. वहिनी आजारी आणि वाळला तू?” नांदेडला पलंगावर पडलेल्या वहिनींनी ते ऐकले आणि टाके ओढले जात असतानाही त्या हसल्या.

पेनड्राइव्हवरील व्यवस्था संगणक बंद होताच सारे विसरते; म्हणून नातीला रोज सकाळी ५० ची निवड नव्याने करावी लागे. तिने त्याची चिठ्ठीच पडद्याच्या कडेला लावली. चौथ्या दिवशी ढग दाटून खोली अंधारली, तेव्हा अक्कांच्या बाजूला टेबलावरचा दिवा ठेवला. पाचवा अध्याय अजीव तत्त्वाचा. पुद्गलाचे विवेचन चालू असताना अक्कांच्या कपाळावर आठी उमटली, नांदेडला ती दिसली, आणि बंधूंनी तो भाग तीनदा सांगितला. तिसऱ्या वेळी उदाहरणादाखल त्यांनी समोरच्या कॅमेऱ्याकडेच बोट दाखवले: याला स्वतःला काही दिसत नाही, तरी याच्यामुळे मला तू दिसतेस. आठी गेली.

सातव्या अध्यायात व्रते आली. त्यांत अनर्थदंडाचा त्याग, म्हणजे निष्कारण घडणारी हिंसा टाळणे. नववीच्या दिवशी नात स्वतःहून ऐकायला बसली होती असे म्हणतात. खरे म्हणजे तिला पेनड्राइव्ह महाविद्यालयात न्यायचा होता आणि ती वाचन संपण्याची वाट पाहत होती. पण त्या दिवसाच्या नवव्या अध्यायात समिती आल्या. वस्तू उचलताना-ठेवताना जपण्याची आदाननिक्षेपण समिती आणि टाकाऊ ते टाकताना जपण्याची उत्सर्ग समिती. ही मुनींची आचारसंहिता. गृहस्थाने त्यातले झेपेल ते घ्यावे. नातीने विचारले, “मग कॅमेरा खरंच मेला की काय करायचं?” घंटागाडीत टाकायचा नाही, मामा म्हणाले. २०२३ च्या एप्रिलपासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायचा.

क्षमावाणीच्या दिवशी संगणकासमोर गर्दी होती. दुकान उशिरा उघडले. नांदेडचे सारे घर एका मोबाईलसमोर दाटीने बसलेले आणि लातूरचे सारे घर त्या लिंबाएवढ्या भिंगासमोर. अक्कांनी हात जोडून वर्षभरातील चुकांची क्षमा मागितली. मग वाकून भिंगाच्या अगदी जवळ आल्या, त्यामुळे नांदेडला नुसते त्यांचे कपाळ दिसले. त्यावर आठी नव्हती.

नातीने नंतर कॅमेऱ्याची तार गुंडाळली, चिपचे दोन्ही क्रमांक एका कागदावर लिहून तो बुडाशी चिकटवला आणि निरुपयोगी झालेली सीडी बाजूला काढून कॅमेरा पुन्हा खणात ठेवला. पेनड्राइव्हही त्याच्याशेजारी ठेवला. महाविद्यालयासाठी तिने मैत्रिणीचा मागून घेतला.