तासाभराचं विमान, दोन वर्षांचा निरोप

डब्लिनच्या विमानतळापासून स्वोर्ड्स गाडीने दहा मिनिटांवर. फिंगलचं हे मुख्य गाव असलं तरी आपली मंडळी थेट डब्लिन गाठतात, इकडे कोणी फिरकत नाही. मी भाच्याकडे मुक्कामाला होते, म्हणून पायी हिंडले. वॉर्ड नदीचा ओहोळ, १२०० च्या सुमारास डब्लिनच्या आर्चबिशपसाठी बांधलेला बैठा किल्ला (लढण्यापेक्षा वसुलीला सोयीचा वाटतो) आणि चर्चच्या आवारातला जुना गोल मनोरा. इथला मठ संत कोलमकिलने ५६० मध्ये स्थापला अशी परंपरा आहे. पुढे ५६३ मध्ये तो आयर्लंड सोडून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला. मायदेशाचा किनारा नजरेला पडणार नाही अशीच जागा त्याने शोधली, असं लोककथा सांगते. क्लोंटार्फच्या लढाईत १०१४ मध्ये मारला गेलेला राजा ब्रायन बोरू याचा देहही आर्माला नेताना एक रात्र इथे ठेवला होता म्हणतात. निरोपाची या गावाला जुनी सवय.

भाच्याचे शेजारी मॉर्मन निघाले. कॅथलिक आयर्लंडात अशी घरं थोडीच. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापलेला हा पंथ. मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत. जॉन टेलर हा त्यांचा प्रचारक १८४० मध्येच आयर्लंडला पोचला होता. एवढंच कशाला, १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या लष्करी वस्तीत प्रचार करू लागला. छोटी शाखा उभी राहिली, पण टिकली नाही. पुण्याची म्हणून हे शेजाऱ्यांना सांगितलं, तर त्यांनी मुलाच्या निरोपालाच बोलावलं.

थोरला अठरा पूर्ण करून दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघाला होता. जायचं कुठे, ते स्वतः ठरवता येत नाही. सॉल्ट लेकहून नेमणूक येते. पोराच्या डोक्यात ब्राझील होतं, हाती पडलं इंग्लंडमधलं लीड्स. "तिथे मॅच बघून आम्ही रात्री घरी झोपायला येतो," बाप हसत म्हणाला. पण विमान तासाभराचं असलं, तरी दोन वर्षं घरी यायचं नाही. खर्चही स्वतःचा आणि घरच्यांचा. आधी प्रेस्टनजवळच्या केंद्रात प्रशिक्षण, मग कायम एका जोडीदारासोबत दारोदार. छातीवरच्या काळ्या पट्टीवर आडनाव, त्याआधी 'एल्डर'. अठराव्या वर्षीच हा मान!

माजघरात बॅग उघडी होती. पाकिटातले पांढरे शर्ट, जाड तळाच्या बुटांचे दोन जोड, घडी न मोडलेले टाय. आई शर्टांतल्या टाचण्या एकेक काढून बशीत ठेवत होती. तिची आई पक्की कॅथलिक. म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं आणि मेरीचं चिमुकलं पदक नातवाच्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. लेकीने पाहिलं. काही न बोलता पुढचा शर्ट घेतला. मॉर्मन पदकं-माळा मानत नाहीत.

आयरिश घर, पन्नासेक माणसं आणि चहाचा थेंब नाही! चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं त्यांना वर्ज्य. आम्हाला गरम चॉकलेट मिळालं. म्हातारी मात्र भाच्याच्या स्वयंपाकघरात येऊन दोन कप चहा पिऊन गेली.

आदल्या रात्री चर्चच्या वरिष्ठांनी डोक्यावर हात ठेवून त्याला कामाला नेमलं होतं. बाप स्वतः तरुणपणी असाच गेलेला. त्या काळी घरी फोन फक्त नाताळात आणि मातृदिनी, बाकी पत्रं. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. "त्यामुळे सोपं झालंय," बाप म्हणाला. "तुला," आई म्हणाली.

विमानतळावर आम्हीही मागच्या गाडीतून गेलो. आयरिश माणसं भावना बोलून दाखवत नाहीत, हवामानावर बोलतात. तिकडे पाऊस असेल का, यावर बरीच चर्चा झाली. म्हातारी तेवढी "माइंड युअरसेल्फ" (जप स्वतःला) म्हणाली. मग सगळे एकदम "बाय, बाय, बाय, बाय", ही तर त्यांची फोन ठेवतानाचीही पद्धत. पोरगा तपासणीच्या रांगेत शिरला. आई तिथेच उभी. धाकट्याला भूक लागली होती, त्याने तिची बाही ओढली, तेव्हा हलली.

दारोदार जाऊन धर्म पटवणं मला रुचत नाही. पण अठरा वर्षांचं पोर स्वतःच्या खर्चाने दोन वर्षं तोंडावर बंद होणारी दारं वाजवतं, याला धमक लागते, आणि त्याला धाडणाऱ्या आईला त्याहून जास्त. परदेशात कधी पांढऱ्या शर्टातली अशी जोडी तुमच्या दारात आली, तर धर्म नको असल्यास सरळ सांगा. पण पाणी विचारा, सरबत असेल तर फारच छान. चहा मात्र टाकू नका, ते घेणार नाहीत.