उमेद आणि धास्तीचे फासे

2024 च्या रमजानात एका संध्याकाळी, इफ्तारीनंतर, मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "अब्बू, नवा खेळ येतोय. नियमांचं पुस्तक फुकट दिलंय, एकदा बघा तरी."

खेळाचं नाव डॅगरहार्ट. पक्कं पुस्तक छापण्याआधी लोकांनी खेळून पाहावं म्हणून अमेरिकेतल्या डॅरिंग्टन प्रेसने त्याच मार्चमध्ये कच्चा मसुदा खुला केला होता. मुलाला तो ईदला अकोल्यात फुफीच्या पोरांबरोबर खेळायचा होता.

तरावीहहून आल्यावर वाचायला बसलो. इंग्रजी जड गेलं, पण खेळ कळला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. 'मी भिंत चढतो' म्हणायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार. आमच्या नानी अमीर हमजाची दास्तान सांगायच्या, तेव्हा आम्ही मध्येच ओरडायचो, 'नानी, उमरो अय्यारला जंबीलमधून दोर काढू द्या ना!' नानी कुठल्या ऐकतात! इथे मात्र पोरांचं ऐकणं हाच नियम.

फासे दोन, प्रत्येकी बारा बाजूंचे. एक होप, दुसरा फिअर. बेरजेवर काम फत्ते की नाही ते ठरतं. पण होपचा आकडा मोठा असेल तर खेळणाऱ्याच्या पदरात उमेद पडते, फिअरचा मोठा असेल तर सांगणाऱ्याच्या हाती धास्ती. म्हणजे काम होऊनही मागे काहीतरी लागू शकतं. मी तिथेच थांबलो. खौफ आणि रजा! मोमिनाचं मन या दोहोंच्या मध्ये असावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही ते नसणार.

पण फासे? नर्दशीरबद्दल सहीह मुस्लिममधली हदीस कडक आहे आणि बहुतेक फुकहा पैज नसली तरी नर्द नाजायजच मानतात. "यात पैसा नाही, कुणी हरतही नाही," मुलगा म्हणाला. खरं होतं, तरी माझं मन धजेना. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, फासे घरात आणू नका, गोष्ट खुशाल सांगा. मग बिस्किटांचे दोन रिकामे डबे घेतले आणि प्रत्येकात 1 ते 12 आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पात्रांच्या नऊ प्रकारांपैकी सेराफ, म्हणजे कुठल्याशा देवतेच्या ताकदीवर लढणारा, मी काढायला लावला. त्यावर वाद झाला नाही.

वाद चिठ्ठ्यांवर झाला. "अब्बू, चिठ्ठी आणि फाशात फरक काय?" मला नीट सांगता आलं नाही. त्यालाच मौलानांकडे पाठवलं. त्यांनी ईदनंतर निवांत ये म्हणून सांगितलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. गोष्ट नरनाळा किल्ल्यावरची, सांगणारा मी. धाकट्या भाचीने दोन्ही डब्यांत हात घातला. बेरीज पुरेशी होती, पण धास्तीची चिठ्ठी मोठी निघाली. शहानूर दरवाजा उघडला, आत कुणाचा तरी कंदील हलत होता.

"मामू, कोण आहे तिथं?"

मलाही अजून माहीत नव्हतं.