लाल सूचना दिसली की लगेच डिलीट नको!



निकालपत्रकं भरायच्या दिवसांत शाळेच्या संगणकावर अँटिव्हायरसची लाल सूचना आली: 'एसव्हीसीहोस्ट' फाईलमध्ये धोका! सहकारी म्हणाले, "सर, उडवून टाका." मी म्हटलं, थांबा, आधी बघू.

या नावाची फाईल विंडोजचीच असते. अनेक सेवा तिच्यामार्फत चालतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीमधली खरी फाईलच व्हायरस ठरवली, आणि कितीतरी संगणक सारखे बंद-चालू होत राहिले.

म्हणून दोन गोष्टी पाहा.

१) पत्ता: खरी फाईल विंडोज फोल्डरमधल्या 'सिस्टीम ३२' मध्ये असते. आमची होती पेनड्राइव्हवर!

२) स्पेलिंग: आमच्या फाईलमध्ये 'व्ही' आणि 'सी' यांची अदलाबदल होती. म्हणजे तोतया. ती क्वारंटाईन केली, पेनड्राइव्ह स्कॅन केला. निकाल वाचले.

पत्ता बरोबर असूनही शंका असेल, तर अँटिव्हायरस अपडेट करून पुन्हा तपासा. व्हायरसटोटलवर एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसचं मत मिळतं. मात्र मुलांची माहिती असलेली फाईल तिथं कधीच टाकू नका. अपलोड केलेली फाईल इतरांपर्यंत पोहोचू शकते.

मुलांनाही हेच शिकवूया: आधी नाव-गाव विचारा, मग ठरवा.