उदगीरचा किल्ला आणि वीस बाजूंचा फासा

संहिता नाही, प्रेक्षक नाही, पडदाही पडत नाही, असा खेळ मला आवडायचं खरं तर काही कारण नव्हतं. माझी उमर लातूरच्या हौशी रंगभूमीवर गेली. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तालमी, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मी अख्खा प्रवेश पुन्हा करायला लावणार. सोंग घ्यायचं तर ते बेतून, घोटून घ्यावं, असं मी आजही मानतो.

भाचा 'लातूर पॅटर्न'च्या नावानं अकरावी-बारावीला माझ्याकडंच होता. आता इंजिनिअरिंगला नांदेडला आहे, विष्णुपुरीला मित्रांसोबत खोली करून राहतो. एक दिवस लोह्याहून अक्काचा फोन. "पोरगं शनवारी रात्रभर फासे टाकायलंय म्हणं. तू जाऊन बघ बरं." फासे म्हटलं की आपल्याकडं आधी शकुनी आठवतो, त्यात तिचाही दोष नाही. निघालो. अहमदपूर, लोहा करत लालपरी नांदेडला पोचेपर्यंत अंधार पडला होता.

खोलीत पाचजण चटईवर बसलेले, मध्ये भडंगाची परात. पैसा कुठंच नव्हता. भाच्यानं मूठ उघडून फासे दाखवले. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, आणि सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे वीस बाजूंचा. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला, आणि 1980 च्या दशकात तिकडच्या आयाबापांनी त्यावर सैतानपूजेचा आळ घेतला होता, हे भाच्यानं मला मुद्दाम सांगितलं. अक्का त्या मानानं सौम्यच.

एकजण डीएम, म्हणजे सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापल्या पात्रांच्या तोंडून काय करणार ते सांगतात. जमेल की नाही अशी गोष्ट आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणांचा आकडा मिळवायचा, आणि डीएमनं ठरवलेला आकडा गाठला तर जमलं. पुस्तकातले ड्रॅगन या पोरांनी हाकलून दिले होते. त्यांचा खेळ चालला होता उदगीरच्या किल्ल्यात. साल 1760, फेब्रुवारी महिना, सदाशिवरावभाऊंनी निजामाला नुकतंच नमवलेलं, आणि हे चौघे इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यातले भुरटे गोलंदाज, भुयारात दडवलेला खजिना शोधायला निघालेले. अर्धी भाषा दखनी, अर्धी आपली. "मियाँ, मशाल इकडं धरा की जरा."

आता खरं सांगायचं तर पहिला तासभर मी कंटाळलो. एक चकमक सुरू झाली ती संपेचना. कुणाची पाळी, कुणाला किती लागलं, ढाल मोजायची की नाही, यावर पानं उलटली जात होती. मुखेडची एक मुलगी होती, ती तर उशीला टेकून मोबाइल बघत बसली. पण त्यातच एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. औसा तालुक्यातला एक मुलगा एरवी तोंडच उघडत नव्हता. पाळी त्याच्यावर आली की मात्र सगळे गप्प व्हायचे, कारण नियमच तसा. तालमीत असल्या मुलाला बोलतं करायला मला महिने लागले आहेत, आणि तरी मोठ्या आवाजाची मंडळी त्याची वाक्यं खायचीच.

मग भुयार हादरलं. डीएम रंगात आला होता. जमीन गुरगुरली, भिंतीचे दगड सुटले, वर गावातली घरं बसली, माळवद खाली आलं. औशाच्या मुलानं हात पुढं करून परातीशेजारच्या एका कोऱ्या पत्त्यावर बोट ठेवलं. पत्त्यावर पेनानं फुली मारलेली. डीएमनं वाक्य अर्ध्यात सोडलं. "बरं, हादरा नाही. समोर फक्त बंद दरवाजा आहे, कडी आतून." आणि खेळ पुढं चालू. का, कशासाठी, कुणी विचारलं नाही.

मलाही विचारायची गरज नव्हती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातुरातच होतो. विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीकडच्या घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हा मुलगा नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला. पण औसा तालुक्यात ती पहाट घराघरात सांगितली जाते.

खेळ संपल्यावर चहाला गेलो, तिथं त्यांची एक रीत कळली. खेळ चांगला की फालतू, हा विषयच काढायचा नाही. आज माझं मन कुठं लागलं आणि कुठं उडालं एवढं ज्यानं त्यानं सांगायचं. मुखेडची म्हणाली, "चकमकीत माझा जीव गेला. मला माणसं माणसांशी बोलताना पाहिजेत." डीएमला लागलं असणार, चार दिवस खपून त्यानं ती चकमक रचली होती. पण तो एवढंच म्हणाला, "बोलण्याचा भाग कुठं आवडला ते सांग, तो वाढवतो."

मग माझ्याकडं वळले. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, की फुलीचा पत्ता मला पटत नाही. नाटकात जिथं दुखतं तिथंच तर प्रयोग उभा राहतो. किल्लारीवर मी नाटक बसवलं असतं तर तो प्रवेश अर्ध्यात तोडू दिला नसता. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या प्रेक्षकाला नाटक कशावर आहे ते तिकीट काढताना माहीत असतं. नाही सोसलं तर तो उठून बाहेर जातो. इथं आम्ही उठलो तर खेळच राहत नाही." मुद्दा बिनतोड होता. माझं मत तरी पुरतं बदललं नाही, आणि बदलावं असा आग्रहही कुणी धरला नाही. ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो मुलगा बशीत चहा ओतून शांतपणे पीत होता.

दुसऱ्या दिवशी मुखेडच्या मुलीनं तिच्या आवडीचा खेळ मांडला, 'फियास्को'. जेसन मॉर्निंगस्टार यांचा, 2009 चा. त्यात सूत्रधार नसतो. दोन रंगांचे साधे लुडोचे फासे, मोठ्या उड्या मारणारी छोटी माणसं, आणि शेवटी सगळ्यांचा सत्यानाश. नुसते संवाद, नुसते प्रसंग. नाटकवाल्याला हाच भावणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीही. पण झालं उलटंच. जो हजरजबाबी तो मैदान मारून नेत होता, मुखेडची तर जोरातच होती, आणि औशाचा मुलगा पुन्हा मुका झाला. मला त्या कंटाळवाण्या चकमकीची चक्क आठवण आली. हे मी तिला तसंच सांगितलं. तिला हसू आवरेना. "मामा, तुम्ही तर आमच्यातले नियमवाले निघालात!"

निघताना भाचा म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत सगळे लातूरला येतो, डीएम तुम्ही व्हा. मी म्हटलं, होतो. फुलीचा पत्ता ठेवू, तुमची रीत आहे म्हणून. पण चकमकी मात्र निम्म्या करणार.

"मग मी येत नाही," औशाचा मुलगा म्हणाला. "मी चकमकीसाठीच येतो."

आता त्याच्यावर बोलणी चालू आहेत.